साकवाचं ड्रॉइंग

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी मानक नगरचं क्वार्टर सोडलं आणि ते उत्तरेतल्या त्याच शहरात, इंदिरा नगरला माझ्याकडे राहायला आले. नोकरीभर त्यांनी पूल आखले होते. त्यातच कधीतरी, निव्वळ हौसेपोटी, गावच्या ओढ्यावरच्या साकवाचं ड्रॉइंग त्यांनी कॉम्प्युटरवर सुरू केलं होतं. ते अर्धंच राहिलं होतं आणि आता पुरं करायचं होतं.

पण ड्रॉइंगचा तो प्रोग्रॅम जुन्या विंडोजवरच चालायचा. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने आमचा लॅपटॉप उघडला, जुनी विंडोज आत टाकून पाहिली आणि म्हणाला, "अंकल, इसमें नहीं चलेगा. मशीन में दम नहीं है." आम्ही मान डोलावून घरी आलो. बाबांनी त्यानंतर विषय काढला नाही.

दोन हिवाळे गेले. तेवढ्या काळात काचबिंदूने त्यांची नजर अधू केली.

मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की, लॅपटॉपच्या आतच दुसरा, जुना कॉम्प्युटर चालवता येतो. फक्त त्यासाठीची व्हर्च्युअलायझेशन नावाची सोय चालू हवी. घरी येऊन टास्क मॅनेजर उघडला, तर तिच्यापुढे 'डिसेबल्ड' लिहिलेलं. म्हणजे मशीनमध्ये सोय होती, ती बंद होती एवढंच. लॅपटॉप पुन्हा सुरू करताना एफ-टेन दाबलं, सेटिंगमध्ये जाऊन ती चालू केली, सेव्ह केलं, मग आत जुनी विंडोज आणि तो प्रोग्रॅम टाकला. त्या संध्याकाळी साकव पडद्यावर आला.

मी बाबांना हाक मारली. ते इतके जवळ वाकले की नाक पडद्याला टेकलं.

"पांढरं दिसतंय," ते म्हणाले. "रेषा नाही दिसत गं."

मी चित्र मोठं केलं. तरी नाही. मग त्यांनी मला डावीकडचे मापांचे आकडे वाचायला सांगितले. एका आकड्यावर त्यांनी मला थांबवलं. तो चुकलाय असं त्यांना ड्रॉइंग अर्धं सोडलं तेव्हापासून वाटत होतं.

"सांगा, मी बदलते."

"तसं नाही होत. एक बदलला की बाकीचं सगळं बघावं लागतं."

दुरुस्तीवाल्यावर चिडावं असंही वाटेना. त्याला ती सेटिंग माहीतच नसेल कदाचित. पण बाबांना दिसत होतं तेव्हा कुणीतरी ती एक कळ दाबून पाहायला हवी होती.

"बंद कर आता," बाबा म्हणाले, आणि भिंतीला हात लावत गॅलरीत गेले. साकव अर्धाच राहिला.