खंडेनवमी आणि इक्बालभाईंचं विमान

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसालच तुम्ही! निदान चहाचा घोट तोंडात असताना हसू नका, एवढंच.

येत नसलेलं काम माणसानं बिघडवलं तर जग माफ करतं हो. मी येत असलेलं बिघडवलं!

कतारमध्ये, दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात मोठ्या गाड्यांचं सस्पेन्शन बसवण्यात माझी पंधरा वर्षं गेली. गाडीचा नुसता आवाज ऐकून कुठलं बुश गेलंय ते सांगतो. म्हणजे सांगायचो. हल्ली जरा दमानं घेतो.

आमचे इक्बालभाई मूळचे खेडकडचे, इथं एसी प्लांटवर इंजिनियर. या माणसानं सहा वर्षं खपून स्वतःच्या हातानं दोन सीटचं विमान बांधलं. खेळण्यातलं नाही, खरंखुरं! परवाना मिळाला, ते एकटे चार-पाचदा उडूनही आले. पण शेजारची सीट रिकामी. "पहिली सवारी अम्मीची. तोवर कुणालाही बसवणार नाही." अम्मी गावाहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या आणि शनिवारी परत निघणार. म्हणजे हातात शुक्रवार तेवढा उरला.

गुरुवारी ते मला हँगरमध्ये घेऊन गेले. "सदा, विमानाचे पाय तुझ्या हवाली."

पाय म्हणजे लँडिंग गियर! दोन पाय, खाली दोन चाकं, चाकांना ब्रेक. जॅक लावला, चाकं काढली, बेअरिंगला ग्रीस भरलं, ब्रेकचं तेल बदललं. विमानातलं हे तेल लालभडक असतं, एवढं तुम्ही लक्षात ठेवा. मी जरा जास्तच ठेवलं.

इक्बालभाई हात धुवायला गेले आणि मला आठवलं, अरे, आज खंडेनवमी! सातारचा माणूस मी. सकाळी गॅरेजमध्ये पान्यांची, जॅकची पूजा करून आलेलो, कुंकवाची पुडी खिशातच. ज्यात अम्मी बसणार त्या विमानाला बोटभर कुंकू नको? पण इक्बालभाईंचा नियम कडक: विमानाला काही लावायचं नाही, स्टिकरसुद्धा नाही. मग मी कुंकू पाण्यात कालवलं आणि पाय जिथं पोटाला मिळतो तिथं, आतल्या बाजूला, कुणाच्या नजरेस पडणार नाही असं बोट ओढलं. दुसऱ्या पायालाही ओढलं. मग म्हटलं, कंजूषपणा कशाला? उरलेलं सगळं थापलं.

शुक्रवारी सकाळी हवा एवढी दमट, की हँगरचा पत्रासुद्धा घामेजलेला. अम्मी नवी साडी नेसून, पायात नातवाचे बूट घालून आल्या. हातात डबा. वर गेल्यावर भूक लागली तर!

"यल्ला, चला अम्मी, बसा," इक्बालभाई म्हणाले.

मी सहज खाली वाकलो. आणि डाव्या चाकावर लाल थेंब!

"थांबा! ब्रेक गळतोय!"

आता तुम्हाला कळलंच असेल. मला कळलं का? छे! थेंब बोटांत चोळून पाहिला, तर तेलकट लागला. लागणारच! ग्रीसमध्ये बरबटलेल्या हातांना गुलाबपाणीसुद्धा तेलकट लागेल.

"काल तूच बसवलंस ना?" इक्बालभाई म्हणाले.

"सील खराब असणार. दहा मिनिटं द्या."

दहा मिनिटांत चाक बाहेर, ब्रेक खोललेला, आणि आता खरंच तेल सांडलेलं. नवं सील घातलं, पुसून लख्ख केलं. जरा वेळानं पाहतो तर परत थेंब!

"भाई, सील नाही. ब्रेकचं तेलाचं भांडंच तडकलंय."

"नवं भांडं परदेशातून येतं रे! महिना जाईल."

तेवढ्यात माझं लक्ष उजव्या चाकाकडे गेलं. तिथंही थेंब! आता शहाण्या माणसाला शंका यायला हवी की नको? दोन्ही भांडी एकाच रात्रीत कशी तडकतील? मला मात्र वाटलं, वा, काय नजर आहे आपली! "भाई, मी नसतो तर आज काय झालं असतं?" असंही मी म्हणालो. हे आठवलं की अजून कान गरम होतात.

इक्बालभाईंचा चेहरा पडला. सहा वर्षांचं स्वप्न, आणि त्यावर मी खलास म्हणून शिक्का मारलेला. ते अम्मींकडे गेले. "अम्मी, आज नाय जमणार. पुढल्या वर्षी, इन्शाल्ला."

अम्मी पुढे आल्या. डबा खुर्चीवर ठेवला, गुडघ्यावर हात टेकत विमानाखाली वाकल्या, थेंब बोटावर घेतला, नाकाशी नेला.

"कसलं तेल रे? ह्ये कुंकू हाय."

"कुंकू?" इक्बालभाई.

"शेजारच्या वयनीबरोबर चाळीस वर्षं काढली मी. मला वळखत नाय काय?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मघाशी चाकाशी वाकताना वरचं ओलं कुंकू माझ्याही कपाळी लागलं होतं आणि घामाबरोबर नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचलं होतं.

"इक्बाल, हा बघ. ह्याची पण टाकी गळतेय मेल्याची!"

मी जमिनीत जागा शोधत होतो, पण तिथं काँक्रीट होतं. इक्बालभाई आधी हसून हसून जॅकवर बसले, मग म्हणाले, "अरे, सांगून लावायचं होतंस. मी काय आड आलो असतो?"

खोललेलं परत बसवायला दोन तास लागले. ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढली, विमान जमिनीवर चारदा पळवून, थांबवून पाहिलं, आणि मगच अम्मी वर गेल्या. खाली उतरल्या तेव्हा डबा रिकामा होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आता उड्डाणाआधी वाचायची तपासणीची यादी असते ना, पेट्रोल पहा, तेल पहा, ब्रेक पहा? इक्बालभाईंनी तिच्या शेवटी पेनानं एक ओळ वाढवलीय, आणि दर वेळी ती मोठ्यानं वाचतात:

"लाल थेंब दिसल्यास प्रथम सदाचं कपाळ तपासावं."