बोलायचं नाही

मला कोणी गप्प बस म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्यामुळे बंगळूरच्या दवाखान्यातून सोडताना नर्सबाई हसत हसत "मात आडबेडी सर," म्हणजे बोलू नका, असं म्हणाल्या तेव्हाच माझा पारा चढला. पण चढून करतो काय? घसा बधिर. आवाज काढायला गेलो तर रबर गेलेल्या कुकरसारखं नुसतं फुस्स झालं. बायकोनं मात्र लगेच मान डोलावली. "सरी सरी, मी बघते. एक शब्द बोलू देत नाही यांना." इतक्या वर्षांच्या संसारात असा दवाखान्याचा हुकूम तिच्या हातात पहिल्यांदाच आला होता, ती कशाला सोडतेय!

झालं होतं असं, की गणपतीपासून मला खोकला लागला होता. गोळ्या झाल्या, काढे झाले, वाफ घेऊन घेऊन तोंड उकडून निघालं, खोकला हलेना. मग एक्स-रे काढला तर उजव्या फुफ्फुसावर डाग. थुंकी तपासली, त्यात काही सापडलं नाही. स्कॅन केला, तर डागाची गाठ झाली. डॉक्टर म्हणाले, नाकातून बारीक दुर्बीण आत घालू, गाठीचा तुकडा काढू आणि तपासायला पाठवू. ब्रॉन्कोस्कोपी म्हणतात त्याला. मी सरळच विचारलं, कॅन्सर आहे का? तर म्हणतात, "स्वल्प डाउट आहे." स्वल्प! या गावात सगळं स्वल्पच असतं. प्लंबर येतो तो स्वल्प उशिरा, पाणी जातं ते स्वल्प वेळ, आणि आता माझ्या छातीत स्वल्प डाउट. अहो, असेल तर असेल, नसेल तर नसेल. थोडासा कॅन्सर कधी कोणाला झालाय?

माझी उभी नोकरी पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गेली, तपासणी खात्यात. नळ्यांच्या आत दुर्बीण घालायची आणि तडा शोधायचा, हेच काम. तडा दिसला की माल बाद. मालक स्वतः येऊन गोड बोलायचे, जरा चालवून घ्या ना. मी म्हणायचो, तुटलंय ते तुटलंय, त्याला दुसरा शब्द नाही. माझ्या या तोंडामुळे बढती दोनदा हुकली, पण शब्द बदलला नाही. आणि आता माझ्याच नळीत दुर्बीण घालून झाल्यावर निकाल काय, तर रिपोर्ट आला की फोन करू. तोवर तोंड मिटून घरी बसा.

दवाखाना बेळ्ळंदूरला आणि घर पीण्याच्या अलीकडे, म्हणजे अख्खं गाव ओलांडायचं. रात्रीपासून पोटात अन्न नाही, घशात जणू कोणी बोळा कोंबलाय, आणि टॅक्सी रिंग रोडवर गोगलगायीच्या चालीनं. ड्रायव्हरनं पाण्याची बाटली पुढं केली, तर बायको म्हणाली, "नको नको, त्यांना गिळता येत नाही, ठसका लागेल." ते खरं होतं, म्हणून आणखीच राग आला.

घरी आल्यावर तिनं मला हॉलमधल्या दिवाणावर उशा लावून बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात गेली. पाच मिनिटांत वरणाला लसणाची फोडणी बसली. उपाशी माणसाच्या नाकाशी लसूण जाळणं हा गुन्हा धरायला हवा! मी हातवारे करून विचारलं, जेवण? ती म्हणाली, "घशातला बधिरपणा गेल्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा नाही. खुणा करू नका, मला कळत नाही." कळत तर सगळं होतं. आमच्या घरात आम्ही दोघंच. मूलबाळ नाही. एकमेकांच्या भुवया वाचण्यातच जन्म गेलाय.

एवढ्यात शेजारच्या अक्का आल्या. फार चांगल्या बाई, त्यात शंका नाही. दारातूनच त्यांनी विचारलं, "ऊटा आयता?" जेवण झालं का? इकडे भेटलं की हेच विचारतात, त्यात वाईट काही नाही. पण खालच्या वॉचमननं विचारलं होतं ऊटा आयता, लिफ्टमधल्या माणसानं विचारलं होतं ऊटा आयता, आणि आता अक्का. मी ओरडायला तोंड उघडलं आणि नुसतं फुस्स झालं. अक्कांनी मायेनं मान हलवली, डब्यातून आणलेलं मिऱ्याचं सार टेबलावर ठेवलं आणि बायकोच्या पाठीवरून हात फिरवला. माझी तब्येत विचारायला आल्या आणि हात हिच्या पाठीवर! तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी आवाज फाटका का होईना, पण परतला. अंगात कसर होती, थुंकीत रक्ताची तार दिसायची. दोन्ही होणार असं डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं, तरी प्रत्येक वेळी मी ती उजेडात नेऊन बघायचो. बायकोचा पहारा चालूच. मऊ भात खा, पालथं झोपू नका, बोलू नका. पेपर मोठ्यानं वाचला तरी, "बोलू नका." मी म्हटलं, अगं मी पेपर वाचतोय. तर म्हणे, "मनात वाचा. मनात तेवढीच बातमी कळते."

त्याच्या पुढच्या पहाटे खोकल्याची अशी उबळ आली की श्वास मिळेना. डोळ्यांपुढं अंधारी आली. ती धावत आली, मला बसतं केलं, आणि मी बुडणारा माणूस धरतो तसं तिला धरलं. हाताला जे लागेल ते धरलं. उबळ गेली, मी उशीवर पडलो आणि मला झोप लागली.

उठलो तर तिचं काहीतरी बिनसलेलं. गळ्याभोवती शाल गुंडाळलेली. बंगळूरची थंडी म्हणजे लुटुपुटुची, त्यात ही एरवी पंख्याखाली बसणारी बाई. मी विचारलं, "ताप आलाय का तुला?" नाही म्हणाली. नजर चुकवत होती. पहाऱ्यात राम नव्हता. मी मुद्दाम मोठ्यानं बोललो, तरी "बोलू नका" आलं नाही. मग मात्र मी घाबरलो. म्हटलं, "रिपोर्टचा फोन आला का?" ती म्हणाली, "छे, कुठला फोन," आणि भाजी निवडलेली असताना पुन्हा निवडायला बसली.

दहाच्या सुमाराला ती मोबाइल घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. सांगलीला तिची थोरली बहीण असते, तिच्याशी रोज बोलते, पण दार ओढून कधीच नाही. मी अनवाणी उठलो आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. चोरून ऐकणं वाईट असतं, मला ठाऊक आहे. पण फुफ्फुस माझं होतं.

"हो गं ताई, वाढलंय," ती सांगत होती. "आज पहाटेच. नाही, यांना नाही सांगितलं. कसं सांगू? आधीच हे असं, त्यात यांच्या मनानं काही घेतलं तर? दुपारी झोपले की दाखवून येते. माझा तर जीवच उडालाय गं."

वाढलंय. रिपोर्ट आला होता, दुखणं वाढलं होतं, आणि ही मला फसवून तो डॉक्टरांना दाखवायला निघाली होती. मी भिंतीला धरून दिवाणावर आलो. मला मरायची भीती वाटली, हे स्पष्टच सांगतो. आणि भीतीच्या पाठोपाठ असा संताप आला की काय सांगू! माझ्या शरीराचा निकाल सांगलीला कळतो आणि मला कळत नाही? जन्मभर लोकांच्या तोंडावर खरं बोललो, आणि माझ्याच घरात माझ्यापासून लपवाछपवी?

ती आत आली. मी विचारलं, "किती वाढलंय?"

तिचा हात थेट गळ्याकडे गेला. चेहरा पांढराफटक. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी का सांगेना. किती वाढलंय ते सांग."

"एकाच ठिकाणी," ती पुटपुटली. "वाट्यांच्या जरा वर."

"वाट्या? फुफ्फुसात कसल्या वाट्या?"

"फुफ्फुसात?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं शाल काढली. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. हळदीत बुडवलेल्या दोऱ्यात एक हळकुंड बांधलेलं होतं. "मंगळसूत्र हो. पहाटे तुम्ही मला धरलंत ना, तेव्हा वाढलं. दुपारी सोनाराला दाखवणार होते."

आमच्यात मंगळसूत्र तुटलं असं म्हणत नाहीत. वाढलं म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. देवापुढचा नारळसुद्धा वाढवतात. हे मला काय ठाऊक नव्हतं? आईच्या तोंडून हजारदा ऐकलंय. पण छातीत गाठ घेऊन बसलेल्या माणसाला वाढलंय म्हटल्यावर मंगळसूत्र कुठून आठवणार?

जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी माझा स्फोट झाला. जेवढा आवाज होता तेवढा सगळा लावला. "मग तुटलं म्हण ना सरळ! तुटलं! दोरा जुना झाला, मी ओढला, तुटला. त्याला माझ्या छातीतलं काय कळतं? शिकलेली बाई तू, आणि हा भाबडेपणा!"

तिनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "नका हो तो शब्द. आज तरी नका."

"का नको? तुटलं ते तुटलं."

"मला कळत नाही होय दोरा तुटतो ते?" आता तिचा आवाज चढला. "मी काय खुळी आहे? तुम्हाला बोलायला काय जातंय. तुम्ही जाल. मागं मी राहणार आहे. या घरात मी बोलू नका तरी कोणाला म्हणू?"

आणि ती रडायला लागली. एक्स-रे झाला, स्कॅन झाला, दवाखान्यात सहीसुद्धा तिनं न थरथरता केली होती, तेव्हा एक टिपूस काढलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस उपाशी मी, घसा माझा, खोकला माझा, कटकट करायचा हक्क माझा, असाच हिशेब मी धरून चाललो होतो. तिला जवळ बसवलं. म्हटलं, बरं बाई, वाढलं. ती म्हणाली, "आता बोलू नका."

दुपारी ती सोनाराकडे गेलीच नाही. चारच्या सुमाराला डॉक्टरांचा फोन आला. माझा आवाज सकाळच्या आरडाओरड्यानं पुन्हा बसला होता, म्हणून तिनं स्पीकर लावला. डॉक्टर इंग्रजीत सांगू लागले. तुकड्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत. टीबी आहे. काही महिने न चुकता गोळ्या, तूर्त तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या ठेवा, बरा होतो.

ती इंग्रजी चांगलं जाणते, पण तिचा इंग्रजीवर विश्वास बसेना. "क्यान्सर इल्ल?" कॅन्सर नाही ना, असं तिनं कन्नडमध्ये विचारलं.

"इल्ल अम्मा."

"खंडिता?" नक्की?

"खंडिता इल्ल."

तिनं फोन ठेवला आणि तिथंच फरशीवर बसली. जरा वेळानं सांगलीला फोन लावला. खिडक्या सताड उघड्या, शेजारी अक्कांचं दार उघडं, जिन्यात माणसं. आमच्या लहानपणी या रोगाचं नावसुद्धा घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, मुलींची लग्नं अडायची. आणि ही मुलगा पहिला आल्यासारखी ओरडली, "ताई, टीबी निघाला गं! टीबी!"

मी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं, जिन्याकडे खूण केली.

"ऐकू दे की," ती म्हणाली, आणि डोळे पुसत पुन्हा फोनमध्ये ओरडली, "नुसता टीबी आहे गं यांना, नुसता टीबी!"