उटण्याला हात कुणाचा

मळमड्डीतल्या आमच्या घरामागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढं परस आहे. पण त्या एवढ्याशा जागेनं मला बाजारापासून बरंच लांब ठेवलंय. डोक्याचं तेल माक्याचं आणि जास्वंदीचं, घरचं. तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा पाला, तोही घरचा. फरशी पुसायच्या पाण्यात गवती चहा उकळून घालते, त्यानं डास कमी येतात. निदान मला तसं वाटतं. आणि उटणं. आंबेहळद, कचोरा, वाळा, मरवा, गावठी गुलाबाच्या पाकळ्या, सगळं ह्याच मातीतलं. मसुराच्या डाळीचं पीठ तेवढं बाहेरचं.

माझं उटणं वस्त्रगाळ असतं. खलात कुटायचं, चाळायचं, परत कुटायचं आणि मग फडक्यातून गाळायचं. फडकं म्हणजे माझ्या यजमानांचं पूजेचं जुनं धोतर, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. वाळ्याच्या मुळ्यांची तुसं असतात ना, ती चाळणीतून निसटतात, धोतरातून नाही. हात भरून येतात, पण नवरीच्या गालाला लावायचं म्हणजे गाल सोलून चालत नाही.

नवरीच्या म्हणायचं कारण, आमच्या सासरी हळदीच्या आधी नवरीला घरचं उटणं लावायची रीत आहे. सासर म्हणजे हुबळीच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान, मूळचे कोल्हापूरकडचे. मी ह्या घरात आल्यापासून प्रत्येक मुलीचं उटणं मीच केलं. मोठ्या जावेच्या दोन्ही मुलींचं, नणंदेच्या मुलीचं. जावेला मी अक्का म्हणते. अक्का प्रत्येक हळदीला चारचौघींत सांगायची, "आमच्या हिच्या हाताला गुण आहे हो."

मग यजमान गेले. हाताचा गुणही बहुतेक त्यांच्याबरोबरच गेला, मला कुणी सांगितलं नाही एवढंच.

ते गेल्यावर दोनेक वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक. मुहूर्त वैशाखातला. माघात पानं वाळली तशी मी आंबेहळद काढली, चकत्या करून सावलीत वाळवल्या. गुलाबाचं एक फूल देवाला घातलं नाही त्या दिवसांत, सगळ्या पाकळ्या राखल्या. लोक मुलीसाठी दागिने घडवतात. माझी एकच हौस होती, पोरीच्या अंगाला माझ्या हातचं उटणं लागावं. बाकी लग्न कुणीही कसंही करा, माझं काही म्हणणं नव्हतं.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात अक्का विद्यानगरातल्या तिच्या घरून आली. हातात रिकामी पिशवी. चहा घेता घेता म्हणाली, "सामान काढून ठेवलंयस ना सगळं? दे. मी नेते. पाच सवाष्णी बोलावून कुटून घेते."

"मीच कुटते की अक्का. नेहमी मीच कुटते."

"अगं, तसं नव्हे. शुभकार्य आहे. लोक बोलतात. तुझा हात आता..." पुढचं ती चहाच्या घोटाबरोबर गिळून बसली.

"माती उकरायला चालला ना हाच हात?"

"माती कुठं अंगाला लावतात?"

 तोंड आहे की तरवार! जाताना माक्याच्या तेलाची बाटलीही घेऊन गेली, दर महिन्याला नेते तशी. माझ्या हातच्या तेलानं तिच्या डोक्याला काही अशुभ चिकटत नाही, बरं का. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथं गरज सरलीही नव्हती.

मुलीला बेंगळुरूला फोन लावला. म्हटलं, तू एक शब्द बोल. एवढी शिकलीयस, तुझ्या एका शब्दानं होईल.

"आई, मला काय फरक पडतो गं कुणी कुटलं त्यानं? पण मोठ्या आईला आत्ता कशाला दुखवायचं? सगळं तीच बघतेय ना. तू मनाला लावून घेऊ नकोस."

शेजारच्या कानडी बाईंनी भिंतीवरून माझं तोंड बघितलं, विचारलं, मी सांगितलं. "इर्लि बिड्री," म्हणाल्या. असू दे, सोडून द्या. सोडायला सगळेच सांगतात. सोडायचं काय ते मीच.

हळदीच्या दिवशी मी कार्यालयाच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पुढं ये असं कुणी म्हणालं नाही, आणि मीही कुणाच्या मधे गेले नाही. अक्कानं मिक्सरमधून काढलं होतं सगळं. पाच सवाष्णींनी उखळाला हळदकुंकू वाहिलं, मुसळाला आंब्याची पानं बांधली, फोटोपुरते चार घाव घातले, झालं कुटून. चाळायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. वाळ्याची तुसं लांबूनसुद्धा दिसत होती मला. अक्का ते पोरीच्या गालावर चोळत होती आणि पोर डोळे मिटून ओठ दाबून बसली होती. गाल लालभडक. बायका म्हणाल्या, "नवरी लाजलीय बघा!"

लाजली कसली! सोलली होती माझी पोर. पण त्या मांडवात बोलायची जागाच कुणी मला ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी माझे थोरले दीर अण्णा आणि अक्का कन्यादानाला बसले आणि मी वऱ्हाडाला पानसुपारी मिळाली का बघत फिरत होते.

मग आली दिवाळी. पहिला दिवाळसण अक्काकडे, कारण कन्यादान त्यांनी केलं, जावयाचा मान त्यांच्या घरी. आदल्या दिवशी मुलगी एकटीच रिक्षा करून माझ्याकडे आली. परसाच्या पायरीवर बसली, मरव्याचं पान चुरगळून हुंगलं आणि म्हणाली, "आई, उटणं दे ना. तुझ्या हातचं. ह्यांना सांगून ठेवलंय मी. मोठ्या आईच्या त्या उटण्यानं आठवडाभर गाल जळत होते माझे."

"अक्काला चालेल?"

"आंघोळीच्या वेळी कोण विचारतंय, कुणी केलं ते!"

मी आत गेले. सुपात वाळल्या चकत्या, कचोरा, वाळा, मरवा, पाकळ्या घातल्या, ते सूप आणि खलबत्ता तिच्यापुढं ठेवला.

"कूट."

"मी?"

"सवाष्ण आहेस आता. तुझा हात चालतो."

आधी ती हसली. मग माझ्या तोंडाकडं बघून कुटायला लागली. येत कुठं होतं तिला! चकत्या उडून परसात पडत होत्या. माझे हात शिवशिवत होते, ते मी मांडीवर दाबून बसले.

"आई, असं काय करतेस? मला तुझ्याच हातचं हवंय गं."

"हे वैशाखात बोलायचं होतंस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, वाटलं, मरो तो हट्ट, घ्यावा बत्ता तिच्या हातातून. मी उठलेही. तेवढ्यात नाक पुसत तिनं विचारलं, "गाळायचं कशातून?"

मी दोरीवरचं फडकं काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते उलगडलं, काठ बघितला.

"हे अप्पांचं धोतर ना?"

"हो. सगळं ह्यातूनच गाळते मी, पहिल्यापासून."

 ती हळूच म्हणाली, "आई, दुसरं कोरं फडकं नाही का गं? पहिला सण आहे ह्यांचा."

 मी धोतर तिच्या हातातून घेतलं, घडी घातली. अर्धवट कुटलेलं सगळं पिशवीत भरून दिलं आणि म्हटलं, "अक्काकडं चाळणी असेल, तीच घे." रिक्षापर्यंत सोडायला गेले. ती आत बसताना काहीतरी म्हणत होती, पण रिक्षा सुरू झाली.

दिवाळीच्या पहाटे मी माझ्यापुरतं उटणं कालवलं. माझ्याच हातानं कुटलेलं, त्यांच्याच धोतरातून गाळलेलं. गाल अगदी लोण्यासारखे मऊ झाले. दाखवायचे कुणाला होते!