दिवा हिरवाच होता

इंदूरहून शिकून आलेली हिमानी बुऱ्हाणपुरात शनवारा भागातल्या एका छोट्या कंपनीत कामाला लागली. केळी पिकवायच्या बंद खोल्यांची यंत्रं ही कंपनी बसवून द्यायची. खोलीतली हवा मोजणारं मीटर दर अर्ध्या तासाने एक आकडा पाठवी, आणि त्यावरून दारावरचा दिवा बदले: हवा धोक्याची असली की लाल, नाहीतर हिरवा. तो आकडा वाचणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, हिमानी सांभाळायची.

मालक नंदकुमारांनी जुने संगणक काढून मोबाइलमध्ये असतो तसल्या प्रोसेसरचे स्वस्त बोर्ड आणले. ड्रायव्हर तोच ठेवला. तो पुन्हा वाचताना हिमानीला एक धोका दिसला. मीटर आधी आकडा लिही, मग 'नवा आला' अशी खूण करी. ड्रायव्हरने खूण पाहून आकडा उचलायचा. जुना प्रोसेसर हा क्रम पाळायचा. नवा मात्र घाईत आकडा आधीच उचलून ठेवू शकत होता. मग खूण नवी आणि आकडा मागचा, असं होणार; हवा बिघडली तरी दिवा हिरवाच राहणार.

"सर, क्रम मोडू नको असं सांगणारी एक ओळ टाकावी लागेल."

"टेस्टमध्ये कधी चुकलं का?"

"नाही. पण चुकू शकतं."

"मग सीझन संपू दे. आता सगळ्या खोल्या कोण बंद ठेवणार?"

तिने पुन्हा सांगून पाहिलं. मग दुसऱ्या कामाला लागली.

डोईफोडिया गावचा जीवन अशाच एका खोलीवर कामाला होता. एका दुपारी आतली, केळी पिकवायच्या गॅसची नळी गळू लागली. जीवन घड काढायला आत गेला आणि तिथेच कोसळला. लोकांनी त्याला ओढून बाहेर आणलं तोवर मीटरचा पुढचा आकडा येऊन गेला होता. दिवा लाल होता. सगळ्यांनी लालच पाहिला.

जीव वाचला, पण हात थरथरायचे आणि बोलताना शब्द सापडायचे नाहीत. लाल दिवा असताना आत शिरला म्हणून त्याचं काम गेलं.

चूक दाखवायला हिमानीने नंदकुमारांसमोर दिवसभर ड्रायव्हर चालवला. तो एकदाही चुकला नाही.

"तुझी ओळ टाकून घे," ते म्हणाले. "जीवनचा विषय मात्र काढू नको."

तिने ओळ टाकली आणि डोईफोडिया गाठलं. जीवन खाटेवर बसला होता. बायको वंदना त्याला चमच्याने वरण भरवत होती.

"तुम्ही पाहिला तो दिवा हिरवाच होता," हिमानी म्हणाली.

"तुम्ही होत्या का तिथं, ताई?" जीवनने विचारलं.

"नव्हते." तिने जमेल तसं समजावलं. तो मान हलवत राहिला.

"सगळे लाल म्हनतात. सगळे तर खोटं नई बोलनार ना. मीच नीट पायलं नसन," तो एकेक शब्द शोधत म्हणाला.

वंदना तिला दारापर्यंत सोडायला आली. "ताई, परत नका येऊ," ती हळूच म्हणाली. "चूक आपलीच, असं आत्ता कुठं मानलं त्यांनी. तेव्हापासून झोपतात तरी."