मणीला छत्री आवडत नाही

ज्या वर्षी मी घरात कुत्रा विकत आणला, त्याच वर्षी आमच्या घराला ऐनवेळी कुत्रा मिळेना.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. गल्लीत मराठी घरं चार-पाच, आणि बहुतेकांचं कुलदैवत खंडोबा. पूर्वज राजांबरोबर इकडे आले तेव्हा तलवारी आणल्या की नाही कोण जाणे, पण चंपाषष्ठी मात्र नीट बांधून आणली. चातुर्मासात बंद केलेली वांगी आणि कांदा आमच्याकडे त्या दिवशी सुटतात. बाजरीचे रोडगे होतात, वांग्याचं भरीत होतं, आणि नैवेद्यातला पहिला घास कुत्र्याला जातो. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, म्हणून. कुत्रा जेवला की मग माणसं.

हा कुत्रा म्हणजे मणी. तांबूस अंग, एक कान फाटका. तो आमच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, झोपायचा. तो आमचा नव्हता. कुणाचाच नव्हता, असं आम्ही धरून चाललो होतो. दुसरं कुत्रं गल्लीत शिरायचं नाही, कारण मणी शिरू द्यायचा नाही. माझी आत्या (वडिलांची थोरली बहीण, घरात तिचा शब्द शेवटचा) त्याच्याशी मराठीत बोलायची, आणि आमच्या घरातल्या पोरांपेक्षा त्याला ते जास्त कळायचं.

तेवढ्यात देशात सुबत्ता आली. म्हणजे आमच्याकडे केबल आली. टीव्हीवरच्या प्रत्येक सुखी कुटुंबाकडे एक सोफा, माणसाएवढा फ्रिज आणि लांब कानांचा एक सोनेरी कुत्रा असे. सोफा परवडेना. फ्रिज आमच्या दारातून आत जाईना. राहता राहिला कुत्रा. मी तिन्हीसांजेला खुर्चीत डोळे मिटून बसायचो आणि मला ते सोनेरी कान वाऱ्यावर उडताना दिसायचे.

"बाहेर एक निजलं आहे नं?" माझी बायको पद्मा म्हणाली.

"तो रस्त्यावरचा. हा जातिवंत असतो."

"म्हणजे काय करतो?"

मी टीव्हीकडे बोट दाखवलं.

बंगळूरला जातिवंत कुत्री पैदा करून विकणारा एक साहेब होता, त्याच्याकडे गेलो. त्यानं आधी माझीच परीक्षा घेतली. घरात पंखा आहे का? ओल येते का? घरात मोठ्यानं कोण बोलतं? (पद्माच्या वडिलांनी मुलगी देताना मला यातलं काहीही विचारलं नव्हतं.) मग त्यानं भिंतीवरचे फोटो दाखवले. हे प्रिन्सचे वडील, हे आजोबा, ही विलायतेतली पणजी. मलाही राहवेना. मी म्हटलं, "आमचेही पूर्वज राजांबरोबर आले होते."

"पंखा असला म्हणजे पुरे," साहेब म्हणाला, आणि प्रिन्स टोपलीतून माझ्या हातात आला. निघताना त्यानं बजावलं की रस्त्यावरची कुत्री याच्या जवळ येऊ द्यायची नाहीत, गोचिड्या लागतात.

मी घरी पोचलो तेव्हा झिमझिम पाऊस होता. मणी तिण्णैवरून उठला, शेपटी हलवत आला आणि टोपली हुंगू लागला. मी छत्री मिटली आणि त्याच्यावर उगारली. मारली नाही, नुसती उगारली. मणीनं छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि घाई न करता पायऱ्या उतरून पावसात निघून गेला.

आत्या दारात उभी होती. "शामू, तो आपला रे."

"आपला हा," मी टोपली दाखवली.

तिनं तिण्णैवरची मणीची जागा पदरानं पुसून घेतली.

प्रिन्स स्वभावानं स्वप्नाळू निघाला. पाऊस पडत असला की तो खिडकीशी बसून पाऊस बघायचा, नसला की छताचा पंखा बघायचा. शेजारच्या घरात वीणेचा रियाज सुरू झाला की डोळे अर्धे मिटून घ्यायचा. चोर आला असता तर प्रिन्सनं त्यालाही असंच, फार लांबून आठवण आल्यासारखं, पाहिलं असतं. मी त्याच्या शेजारी बसायचो. खरं सांगतो, दोघांचे दिवस फार सुखात गेले. अडचण एकच होती. तिकडे त्याला मांस-अंडी खायची सवय, आणि आमचं घर शाकाहारी. दहीभात त्यानं हुंगून परत केला. इडलीवर पाय ठेवला. शेवटी साखर लावलेल्या बिस्किटांवर तडजोड झाली, आणि बिस्किटं खाऊन तो पुन्हा पंख्याकडे बघू लागला.

मग चंपाषष्ठी आली.

आत्या आधीचे पाच दिवस दूध-केळ्यावर होती. डॉक्टरांनी तिला उपास साफ बंद सांगितले होते. ते तिनं त्यांच्यासमोर कबूल केलं होतं आणि जिना उतरताना सोडून दिलं होतं. सहाव्या दिवशी कुत्रा जेवेपर्यंत पाणीसुद्धा नाही, हा तिचा नेम.

"यंदा काळजी नाही," मी सकाळी जाहीर केलं. "यंदा घरचा कुत्रा आहे."

"बघूं," आत्या म्हणाली.

पूजा झाली. भंडारा उधळला, तळी उचलली, येळकोट झाला. चुलीवर भाजलेल्या वांग्याचा आणि कच्च्या कांद्याचा वास घरभर पसरला. चार महिन्यांनंतरचा तो वास होता, मला जरा गरगरल्यासारखंच झालं. पद्मानं केळीच्या पानावर रोडगा आणि भरीत वाढून प्रिन्सपुढे ठेवलं.

प्रिन्सनं मान खाली घातली. त्याचा एक कान भरतात बुडाला. तो कान आणि आपण यांचा काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं त्यानं मान वर केली आणि भरताचे शिंतोडे माझ्या सोवळ्यावर उडवत तो खिडकीशी जाऊन बसला.

मी रोडग्याचा तुकडा दोन बिस्किटांच्या मध्ये लपवून दिला. त्यानं वरचं बिस्किट खाल्लं, खालचं बिस्किट खाल्लं, आणि रोडगा चाटून स्वच्छ करून माझ्यापुढे ठेवला.

"बिस्किट खाल्लं की," मी आत्याला म्हटलं.

"बिस्किट खंडोबाला दाखवलं होतंस कां?"

"मग कावळा चालेल? कावळा लगेच येईल."

"खंडोबाबरोबर कावळा असतो कां रे?" आत्या भिंतीला टेकली. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता. "मणीला बोलाव जा."

पाऊस होता, म्हणून मी जाताना सवयीनं छत्री घेतली. ही माझी छत्रीची दुसरी मोठी चूक.

मणी गल्लीच्या टोकाला बसला होता. मी छत्री उगारल्यापासून तो तिण्णैवर फक्त निजायला यायचा. "मणी, इंगे वा," मी तमिळमध्ये हाक मारली. त्यानं पाहिलं. मी खूश होऊन छत्री जरा वर केली, म्हणजे त्याला माझं तोंड दिसेल. त्याला छत्री दिसली. मी त्याला पुन्हा पाहिलं ते पलीकडच्या रस्त्याला. तिथून नारळवाल्याच्या मागे, तिथून देवळाच्या कुंपणाशी, असे आम्ही दोघं बराच वेळ हिंडलो. तो पुढे, आणि मी भंडाऱ्यानं पिवळं कपाळ घेऊन, सोवळ्यात, छत्रीसकट मागे. सायकलवरून जाणारे थांबून बघत होते. मी मराठीवर आलो. मग "अहो मणी" असंही म्हणून पाहिलं.

शेवटी तो आमच्याच गल्लीतल्या तात्यांच्या घरात शिरला. मी दारात पोचलो तर तात्या विडा चघळत उभे होते.

"आमच्याकडचा घास मघाशीच झाला त्याचा," ते म्हणाले. "समोरच्यांकडेही झाला. पोट बघा त्याचं. आतां तो कुठला जेवतो?" मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "तुमच्याकडे तर बंगळूरचा आहे नं?"

मी रिकाम्या हातानं परत आलो. आत्या तिण्णैवर खांबाला टेकून बसली होती, मांडीवर तेच केळीचं पान. डोळे मिटलेले. पद्मा तिला वारा घालत होती. "आत्या, नुसतं पाणी तरी घ्या," ती म्हणत होती, आणि आत्या मान हलवत होती. सोनेरी कानांच्या नादात मी एका म्हातारीला उपाशी ठेवलं होतं.

मी पायरीवर बसलो. पाऊस बारीक झाला. शेजारची वीणा चालू झाली, आतून भरताचा वास येत राहिला, आणि मला उपाशीपोटी गुंगी आली. त्या गुंगीत मला घोड्यावर बसलेले खंडोबा आमच्या गल्लीतून येताना दिसले. कपाळ पिवळं, सोन्याची तलवार, सगळं यथास्थित. बरोबर मणी. आमच्या दारापुढे घोडा थांबला. मी हात जोडून म्हटलं, "देवा, याचे आजोबा कोण?" देव मणीकडे वाकून म्हणाले, "हा कोण विचारतो आहे?" मणीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ओळखीचा नाही. इथं छत्री घेऊन बसतो."

दचकून जागा झालो. मणी खरंच पायरीखाली उभा होता. ओला, पोट टम्म. रोजच्या निजण्याच्या वेळी तो रोजच्या जागी आला होता, आणि मधे मी होतो.

"ती छत्री आंत ठेव," आत्या डोळे न उघडता म्हणाली.

मी छत्री आत टाकली, बाहेर आलो आणि सरकून जागा दिली. "ये रे," मी म्हटलं. "चुकलं माझं." मणी माझ्या बाजूनं, मला न शिवता, वर गेला. आत्यानं घास पुढे केला. त्याच्या पोटात तीळभर जागा नव्हती हे मला दिसत होतं. त्यानं आत्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तो एक घास हळूहळू, चावून चावून, केवळ तिच्याखातर खाल्ला.

"झालं," आत्या म्हणाली, आणि पद्माच्या हातातलं पाणी प्यायली.

तेवढ्यात आतून प्रिन्स आला. त्यानं मणीला पाहिलं, मणीपुढचं पान पाहिलं, आणि दोन्ही कान भरतात बुडवून उरलेला सगळा नैवेद्य संपवला. मग मणीच्या पाठीला पाठ लावून तिथंच झोपला. त्या दिवसापासून मणी समोर असल्याशिवाय प्रिन्स जेवला नाही. गोचिड्या लागल्या, पण त्या प्रिन्सकडून मणीला.

छत्री मी माळ्यावर टाकली. राहिलेला पाऊस तसाच भिजत ऑफिसात गेलो. एके दिवशी ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, "छत्री कुठं आहे?"

"आमच्या कुत्र्याला आवडत नाही, सर."

"तो बंगळूरचा? महागाची जात. नाजूक असायचीच."

"नाही सर," मी धोतर पिळत म्हटलं. "विकतचा काही म्हणत नाही. हा फुकटचा फार कडक आहे."