ब्राउन एल आणि व्याह्यांचं नाक

पुणे शहरात आजवर जे जे शिजलं, तळलं, भाजलं किंवा आंबवलं गेलं, त्यात काही ना काही खोट होतीच, आणि ती सगळ्यांत आधी आमच्या व्याह्यांच्या नाकाला कळली होती. माझ्या मुलीचे सासरे हे त्यांचं आमच्याशी नातं. ते एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत असं सांगतात. पण त्यांचा खरा पेशा नावं ठेवण्याचा, आणि त्यातून निवृत्त व्हायचा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नाही. ताट समोर आलं की ते आधी वाकून हुंगतात, मग डोळे मिटतात आणि मग निकाल देतात. "तूप कढवताना कुणीतरी फोनवर बोलत होतं." आमच्या विहीणबाई लग्न झाल्यापासून रोज असा एक निकाल ऐकत आल्या आहेत आणि "मग खाऊ नका" हे त्यांचं ठरलेलं उत्तर आहे. कॉलेजात असल्यापासून व्याही ज्या हॉटेलात जातात, तिथे त्यांनी एकदा मिसळ परत पाठवली. मालक स्वतः विचारायला आले. व्याही म्हणाले, "कट कालचा आहे, रस्सा आजचा आहे. दोघांची ओळख करून द्यायची राहिलीय." मालकही पुण्याचेच. ते म्हणाले, "आम्ही मिसळ देतो, ओळखी करून देत नाही." आणि दुसरी प्लेट ठेवून गेले.

या निकालांमागे एक नियम आहे, तो मला उशिरा कळला. नावं ठेवायची ती फक्त आपल्या माणसांना. परक्या माणसाला "छान आहे" म्हणायचं आणि विषय संपवायचा. मुलीच्या लग्नाची बोलणी करायला ही मंडळी आमच्या हडपसरच्या घरी आली, तेव्हा बायकोच्या हातून पोह्यांत दोनदा मीठ पडलं होतं. व्याह्यांनी हुंगलं, डोळे मिटले, बशी संपवली आणि म्हणाले, "छान झालेत." मी हुरळून गेलो. लग्नानंतर मुलीने खुलासा केला, की बाबा, ते छान म्हणतात म्हणजे आपण अजून पाहुणे आहोत. तेव्हापासून आमच्याकडची पुरणपोळी छान, आमरस छान, एकदा सपशेल नासलेली बासुंदीही छान. मुलीचा बाप म्हणून मीही त्यांच्या घरी सगळ्याला छान म्हणत असे. दोन घरं वर्षानुवर्षं एकमेकांना छान म्हणत होती आणि एक पाऊल पुढे सरकत नव्हती. त्यातून माझं नाक बेताचं. कांदाभजी की बटाटाभजी हे मला चावल्यावर कळतं.

अशा घरात आमच्या जावयांनी कंप्युटरची नोकरी सोडून बिअर करायचं ठरवलं. वाघोलीच्या पुढे एक शेड घेतली, चकचकीत टाक्या बसवल्या आणि ब्राउन एल करायला घेतली. ही बिअरचीच एक तपकिरी जात. मोड आणून भाजलेल्या जवाची करतात, त्यामुळे कडूपणा मागे राहतो आणि खरपूसपणा पुढे येतो, असं जावई सांगतात. व्याह्यांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं, जेवण मात्र त्याच्याबरोबरच चालू ठेवलं. मग एका रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते अचानक शेडमध्ये हजर झाले, समोरच्या पेल्यावर वाकले, डोळे मिटले, एक घोट घेतला आणि म्हणाले, "जव जास्त भाजलेले घेतलेस. दूध लागलेल्या पातेल्याचा वास येतोय." जावयांनी आनंदाने आम्हाला फोन केला. वडिलांनी नावं ठेवली होती. म्हणजे धंदा मान्य होता.

त्यानंतर दर रविवारी तपासणी सुरू झाली. पिणं नव्हे, तपासणी. हा फरक ते कॉलनीतल्या प्रत्येकाला न विचारता समजावून सांगत. न्यायला येणारी गाडी माझ्याही दाराशी थांबे, कारण व्याह्यांना साक्षीदार लागतो. काचेच्या ग्लासाला साबणाचा वास येतो म्हणून ते घरून स्टीलचं फुलपात्र आणत. स्टीलमध्ये रंग दिसत नाही असं जावई म्हणाले, तेव्हा रंग बघायला काच आणि चव बघायला स्टील अशी तडजोड झाली. बरोबर खायला चुरमुरे, तेही बिनमिठाचे. बिअर गार आणली की ते फुलपात्र दोन्ही तळव्यांत धरून बसून राहत. "गारठवलं की वाईट लपतं," असं त्यांचं म्हणणं, आणि जावई म्हणतात की ब्राउन एलच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. जावई परदेशी पुस्तकांतले शब्द वापरत. व्याही चिक्कीचा पाक, शेंगदाण्याचं साल, भाकरीचा पापुद्रा यांवर भागवत. "पाक एक तार पुढे गेलाय," म्हणाले की जावई पुढच्या खेपेला काय करायचं ते बरोबर ओळखत. मी शेजारी बसून चुरमुरे खात असे आणि विचारलं तर छान म्हणत असे.

यंदाच्या थंडीत व्याह्यांना आठवडाभर ताप आला. तो उतरल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही शेडवर गेलो. जावयांनी बरेच महिने खपून नवी ब्राउन एल केली होती आणि वडिलांचा निकाल लागला की ती बाहेर विकायला काढायची होती. व्याही वाकले, डोळे मिटले, घोट घेतला. पुन्हा वाकले, पुन्हा घोट घेतला. मग ते म्हणाले, "छान आहे."

जावयांचा चेहरा उतरला. मला वाटलं, चला, पोरगा पास झाला. मग त्यांचा नियम आठवला. रात्री मुलीचा फोन आला. जावयांनी जेवण टाकलं होतं. बाबांनी मला परक्यात काढलं, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. जुन्या कंपनीतून बोलावणं होतंच. आता शेड विकून परत जावं, इथपर्यंत विचार गेला होता. घरीसुद्धा बाबा हल्ली आमटीला छान म्हणतात आणि आई त्यामुळे ओट्याशी तोंड फिरवून उभ्या राहतात, असंही तिने सांगितलं. तुम्ही व्याही आहात, तुम्हाला ते नाही म्हणणार नाहीत, तुम्हीच विचारा, अशी कामगिरी माझ्यावर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं आणि जिन्यातच मला करपल्याचा वास आला. मला आला, यावरून तो किती असेल याची कल्पना यावी. आत स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं होतं, धूर नुकता बाहेर डोकावत होता, आणि हाताच्या अंतरावर आमचे व्याही शांतपणे पेपर वाचत बसले होते. मी गॅस बंद केला. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. विहीणबाई भाजी आणायला गेल्या होत्या.

"तापात नाक गेलं," ते म्हणाले. "अजून आलं नाही."

डॉक्टर म्हणाले होते, येईल, नाहीतर नाही येणार. त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, अहो, पण मुलगा तिकडे धंदा गुंडाळायला निघालाय. काहीतरी ठोकून द्यायचं, पाक पुढे गेलाय म्हणायचं, त्याला तेवढंच हवं होतं. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना पाकीट मारायला सांगितलं होतं.

"कळत नसताना नावं ठेवणं हा खोटेपणा आहे," ते म्हणाले. "छान म्हणायला नाक लागत नाही."

एवढं बोलून त्यांनी पेपर पुन्हा उघडला. पण तो उलटा होता. मला फार वाईट वाटलं. मग, पुढचामागचा विचार न करता, मी म्हणून गेलो की माझं नाक आहे, चालवून घ्या. त्यांनी माझ्या नाकाकडे बराच वेळ पाहिलं. दुसरं कुठलंही नाक हाताशी नसल्यामुळे ते तयार झाले.

रविवारी आधी त्यांनी मुलाला खरं काय ते सांगितलं. जावई उठले. आत जाऊन बराच वेळ टाकीचा नळ पुसत राहिले. मग फुलपात्र माझ्या हातात आलं आणि माझी परीक्षा सुरू झाली. "घाई नको. काय येतंय?" मी म्हटलं, बिअरचा वास येतोय. व्याह्यांनी डोळे मिटले ते वैतागाने. मग ते एकेक विचारत गेले. गूळ की काकवी? भाजलेले दाणे की त्यांची नुसती सालं? मी हुंगत होतो, अडखळत होतो, पुन्हा हुंगत होतो. शेवटी त्यांनी थोडं पुढे सरकून विचारलं, "पावसात भिजलेला पेपर वाळल्यावर जसा वास येतो, तसं मागे काही आहे?" मी पुन्हा वाकलो. आणि खरोखरच होतं. अगदी मागे, दाण्यांच्या आड, भिजून वाळलेला पेपर. आयुष्यात पहिल्यांदा मला कसला तरी वास त्याच्या नावासकट आला.

"हवा लागलीय," व्याही मुलाला म्हणाले. "कुठेतरी झाकण सैल राहतंय. ही विकायची नाही, पुन्हा करायची. आधी तुला जिभेवर काही लागलं नाही?" जावई चक्क हसत होते. जुन्या कंपनीला त्यांनी तिथूनच नकार कळवला. मग व्याही माझ्याकडे वळले. "आणि व्याही, तुमचं नाक नुसतं चष्मा टेकायला दिलेलं आहे. लहान पोराला कळलं असतं एवढ्या वेळात."

खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांच्या 'छान'नंतर त्या घरात मला पहिल्यांदा कुणी नावं ठेवली होती.

दुपारी जेवायला त्यांच्याकडेच थांबलो. विहीणबाईंनी आमटी वाढली आणि आत गेल्या. व्याह्यांनी वाटी उचलली, सवयीने वाकले, आणि मग हळूच ती माझ्याकडे सरकवली. मी हुंगलं. हिंग थोडा पुढे आहे, असं मी कुजबुजलो. त्यांनी मला दोनदा हुंगायला लावलं, खात्री करून घेतली, आणि मग पहिल्यासारखं आतपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "आज हिंग जास्त झालाय."

आतली भांडी थांबली. विहीणबाई दाराशी आल्या. पदराने डोळे पुसत त्या "मग खाऊ नका" म्हणाल्या आणि त्यांनी व्याह्यांच्या वाटीत आणखी एक पळी आमटी वाढली.

नाक अजून परत आलेलं नाही. रविवारी आम्ही दोघं वाघोलीला जातो आणि येताना वाटेत दाणे भाजणाऱ्याची हातगाडी दिसली की ते गाडी थांबवायला लावतात. "खरपूस की करपट?" ते विचारतात. मी काच खाली करतो, हुंगतो आणि सांगतो. ते डोळे मिटून ऐकतात, आणि कुठल्या तरी जुन्या दाण्यांचा वास त्यांना तेवढ्यापुरता आठवत असावा. त्यांचं नाक परत यावं असं मला मनापासून वाटतं. फक्त ते आल्यावरही त्यांनी रविवारी माझ्या दाराशी गाडी थांबवावी आणि माझ्या घरचे पोहे खारट आहेत असं मला तोंडावर सांगावं.