चाळीस पानांत न मावलेली वस्ती

२०१२ साली मस्कतला निघालो, तेव्हा अण्णांनी माझी बॅग डोक्यावर घेतली आणि देवळापुढचा सरळ रस्ता सोडून बांधाबांधानं एसटीच्या थांब्यावर नेली. मी कुरकुरलो, तर आई म्हणाली, "गावातनं जाऊ नगंस. कुणीतरी काहीतरी बोलंल. जाताना कशाला डोस्क्याला ताप?" नवे बूट चिखलानं बरबटले. एअरपोर्टवर ते टिश्यूनं पुसत मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो. आईअण्णांना नाही, तुम्हाला.

होय, तुम्हालाच, गावकरी मंडळी. हे तुमच्यासाठी लिहितोय, आणि आपल्या बौद्धवस्तीतून पुणे, दुबई, मस्कत गाठलेल्या पोरांसाठीही. गोड बोलणं मला जमणार नाही.

मस्कतच्या अल् घुब्रा भागात फ्लॅट भाड्यानं घेतला. रस्त्याच्या कामावर सर्व्हे इंजिनिअर होतो. फ्लॅटच्या ओमानी मालकानं कंपनीचं कार्ड बघितलं आणि किल्ली दिली. आपल्या मराठी मंडळींच्या पहिल्याच जेवणात मात्र वरण वाढता वाढता प्रश्न आला, "पूर्ण नाव काय म्हणालात?" समुद्र ओलांडला तरी ही खोड जात नाही.

साइट ऑफिसात हेलमुट नावाचा जर्मन सीनियर होता. संत वगैरे अजिबात नव्हता. लेबरवर खेकसायचा, चहा देणाऱ्याचं नाव त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. एकदा सुट्टीवरून येताना त्यानं स्वतःच्या खेड्याचं पुस्तक आणलं. आपल्या गावापेक्षाही लहान खेडं. चर्च, ओढ्यावरची पिठाची चक्की, अग्निशमनवाल्यांची शेड, लढाईत मेलेल्यांच्या नावांचा दगड. मी जांभई दाबत पानं उलटत होतो. एका पानावर फक्त मोकळ्या जागेचा फोटो होता. हेलमुटनं वाचून दाखवलं: इथे ज्यू कुटुंबं राहत होती, आम्ही त्यांना हाकलून दिलं, त्यांची घरं आम्ही घेतली. "या पानावरून गावात भांडणं झाली," तो म्हणाला. "माझ्या काकाला ते नको होतं. पण छापलं." 'आम्ही' हा शब्द मी त्याला दोनदा वाचायला लावला.

मग त्यानं माझं गाव विचारलं. मी सवयीनं म्हणालो, माझं घर गावाच्या बाहेर आहे. त्यानं सॅटेलाइट मॅप उघडला. "बाहेर कुठे? हे गावच आहे की. मधे नुसता ओढा आहे." काय सांगणार त्याला? आम्ही दळण आणायलासुद्धा 'गावात' जातो. मतदार यादी गावची, शाळा गावची, आणि तरी जन्मभर 'गावात' जाऊन येतो.

त्यानंतर दोनेक वर्षांनी प्रकाशचा फोन आला. प्रकाश माझ्या वर्गातला, देवळाजवळच्या आळीतला, मस्कतमध्येच कुरुमला एका ऑफिसात कामाला. गावाचा इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळं असं पुस्तक काढायचं ठरलं होतं. "नकाशा तू काढ रे, तुझं कामच ते." मी हुरळलो, खोटं कशाला बोलू! सुट्टीचे सहा शुक्रवार घालवले. देऊळ, तालीम, तलाव, शाळा काढली. ओढ्याच्या या बाजूला वस्ती, विहार आणि आमची विहीर काढली. खाली एक ओळ लिहिली: गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, म्हणून वस्तीनं ही खणली.

नकाशा बघून प्रकाश म्हणाला, "अरे, आता सगळं चांगलं चाललंय ना? जुनं कशाला उकरतोस? ओढ्यापलीकडचं वगळ, आपलं गाव छान दिसू दे की."

मी म्हणालो, वस्ती राहणार नसेल तर माझं नावही नको. खलास.

"बघतो, इन्शाल्ला," तो म्हणाला. इथे राहिलेल्याला कळतं, मराठी माणूस इन्शाल्ला म्हणाला की ते काम होत नाही.

पुस्तक निघालं, चाळीस पानांचं. नकाशा माझाच, ओढ्यापाशी कापलेला. तलावाखाली लिहिलंय, 'गावकऱ्यांच्या श्रमातून'. तिथे दगड फोडणारे अण्णा कोण होते मग? आणि मागच्या पानावर सुटाबुटातला माझा फोटो: परदेशात गावाचं नाव काढणारे सुपुत्र! ओमानमधला मी तुम्हाला चालतो. माझ्या आईचं घर चालत नाही. लाज कशी वाटली नाही रे तुम्हाला?

ग्रामपंचायतीच्या शिपायानं एक प्रत आमच्या घरीही टाकली होती. मी तडकून आईला फोन केला, ते पुस्तक घरात ठेवू नकोस म्हणून सांगायला.

"ठिवतीय कशाला?" आई म्हणाली. "तुजा फोटू तेवढा कापून घेतला, लई ग्वाड आलाय. बाकीचं सकाळी पाणी तापवायला घातलं. कागद गुळगुळीत, पेटंना मेला. मग रॉकेल वतलं."

अण्णांनी त्या पाण्यानं अंघोळ केली.

प्रकाश अजून विचारतो, गावाला कधी येतोयस? गावाला येत नाही मी. घरी जातो. माझं घर ओढ्याच्या अलीकडं आहे. पलीकडं राहता ते तुम्ही.